सगळी मुलं हिरवी

७ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी, प्रार्थना संपल्या संपल्या, माझं आयुष्य बदललं. लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारलं तर सांगता यायला हवं.

झालं असं. नोकरीचा पहिला दिवस. शाळेत 'डिजिटल साहाय्यक' म्हणून लागलो आहे. (मामा शाळा समितीवर आहे, पण त्यानं नुसता शब्द टाकला. बाकी सगळं माझ्या गुणांवर.) वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत प्रोजेक्टर चालेना म्हणून बोलावणं आलं. गेलो. तिथे ती. पाचवीतल्या कच्च्या मुलांचा जादा वर्ग घेणारी मॅडम. हाताला खडू, कपाळाला खडू, एक रडकं पोर ओढणीला धरून उभं. मी प्रोजेक्टरभोवती एक चक्कर मारली, कपाळाला आठ्या घातल्या आणि भिंतीवरचं बटण दाबलं. ते बंद होतं, एवढंच. पडद्यावर उजेड आला. ती म्हणाली, बरं झालं तुम्ही आलात.

बरं झालं तुम्ही आलात! मी कॉलेज सोडलं तेव्हा सर म्हणाले होते, बरं झालं गेलास. माणसामाणसांत फरक असतो तो हा.

निश्चय: १. राग गिळायचा. २. रोज इस्त्रीचा शर्ट. ३. कॉलेज का सोडलं हे कोणी विचारलं तर "सिस्टिमशी पटलं नाही" एवढंच सांगायचं. हजेरीच्या भानगडीबद्दल बोलायचं नाही.

८ सप्टेंबर

मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडबाईंनी, केबिनमध्ये बोलावलं. काम फार जबाबदारीचं. जादा वर्गासाठी डिजिटल शिक्षणाचं एखादं चांगलं प्रॉडक्ट निवडायचं. मी बघायचं, मी पारखायचं, मी शिफारस करायची. अपूर्णांक हा विषय. ही मुलं त्यातच बुडतात.

मोठ्या बाईंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. मॅडमची नेमणूक पहिल्या सत्रापुरती आहे. दुसऱ्या सत्रापासून समिती एकाच गोष्टीला पैसे देणार. एक तर मॅडम, नाहीतर ॲप. दोन्ही जमणार नाही. बोलताना त्या माझ्याकडे जरा रोखूनच बघत होत्या, पण त्यांचे डोळेच तसे आहेत.

घरी येऊन विचार केला. गणित अगदी सोपं आहे. ॲप जोरदार निवडलं की वर्ग चमकणार. वर्ग चमकला की सगळे विचारणार, वर्ग कुणाचा? मॅडमचा. असा वर्ग चमकवणाऱ्या बाईला कोण काढेल? म्हणजे तिची नोकरी माझ्या हातात आहे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं माझ्या हातात आलंय.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, बिचारी.

११ सप्टेंबर, शुक्रवार

आज माल बघितला. दोघेजण आले होते.

पहिल्या एक चष्मेवाल्या बाई. पूर्वी शिकवायच्या म्हणे. त्यांचं प्रॉडक्ट म्हणजे पांढरा पडदा आणि त्यावर काळी अक्षरं. चित्र नाही, गाणं नाही, काही नाही. मूल उत्तर देतं आणि ते नेमकं कुठे अडखळतंय हे शिक्षकाला कळतं. चार मोठा म्हणून एक चतुर्थांश एक तृतीयांशापेक्षा मोठा, असं कोणाकोणाला वाटतं, त्यांची नावं एकत्र येतात. नेट नसलं तरी चालतं. इथपर्यंत ठीक. पण मग त्या आपण होऊन सांगायला लागल्या की मुलं एकटी बसून यावर शिकतील असं समजू नका, शेजारी मॅडम लागतीलच. आधी थोडे दिवस वापरून बघा, नाही जमलं तर परत द्या. मी मनात म्हटलं, संपलं. आपल्या मालाचं वैगुण्य आपल्याच तोंडानं सांगणाऱ्याकडून कोण काय घेणार?

दुसरा टायवाला. काय माणूस! बूट असे की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. त्याच्या ॲपमध्ये ससा आहे. उत्तर बरोबर आलं की ससा नाचतो. चुकलं तर म्हणतो, छान प्रयत्न! तीनदा चुकलं तर स्वतःच उत्तर सांगतो आणि तरी नाचतो. किती मोठं मन. गाजरं जमवली की सशाला टोप्या घेता येतात. आणि दर शनिवारी प्रत्येक मुलाचा रंग समितीच्या सगळ्या मेंबरांच्या फोनवर आपोआप जातो. लाल म्हणजे कच्चं, पिवळं म्हणजे बरं, हिरवं म्हणजे पक्कं.

मॅडमही आल्या होत्या. (वहीत 'ती' लिहायचं की 'त्या' हे अजून ठरत नाही. दोन्ही चालू ठेवतो.) तिनं टायवाल्याला एकच विचारलं, पोरानं चुकीचं उत्तर दिलं तर ते का चुकलं हे तुमचा ससा त्याला सांगतो का? टायवाला म्हणाला, मॅडम, आम्ही मुलांना निगेटिव्ह काही सांगतच नाही. ती म्हणाली, म्हणजे नाही सांगत. तो हसला. तीही हसली, पण जरा वेगळं.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्हाला काय वाटतं? मला! सगळ्यांदेखत! मी घसा साफ करून म्हणालो, मुलांना आनंद मिळाला पाहिजे. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

शिफारस: ससा.

१४ सप्टेंबर, सोमवार

ट्रायल सुरू. टॅबलेट वाटले. काय गलका झाला! मागच्या बाकावरचा एक पोरगा आनंदानं बाकावर चढला. दोन वेण्यांच्या मुलीनं सशाला लगेच राणीची टोपी घातली. मी दारात हाताची घडी घालून उभा. असं वाटलं, हा उजेड मी पाडला.

एक गोष्ट खटकली. मॅडम वर्गाला म्हणाल्या, टॅबलेट अडकला तर दादांना विचारा.

दादा. मी दादा.

संध्याकाळी ताईनं हे ऐकलं आणि भांडी घासता घासता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. म्हणाली, अरे, बोहल्याच्या आधीच भाऊ झालास. तिला व्यवहार कळत नाही. वर्गात, चाळीस कान ऐकत असताना, ती दुसरं काय म्हणणार? लोकांना शंका येऊ नये म्हणून बाई माणूस जपूनच बोलतं. उलट 'दादा' म्हणताना तिचा आवाज किंचित कापला. (किंवा पंखा चालू होता.)

१७ सप्टेंबर

पोरं हुशार निघाली. सशाकडे न बघता तीन चुकीची बटणं दाबायची, ससा उत्तर सांगतो, पुढे जायचं. शर्यत लावतात. मागच्या बाकावरच्यानं एका तासात पूर्ण धडा उरकला. त्याला विचारलं, दोनातला एक म्हणजे किती? म्हणाला, ससा सांगेल.

हे सुरुवातीला व्हायचंच.

मॅडमनं टॅबलेट उलटे ठेवायला लावले आणि कागदाच्या पट्ट्या वाटल्या. घडी घाल, अर्धं. परत घडी, पाव. आता सांग, तिघांत वाटलं तर जास्त मिळेल की चौघांत? ते रडकं पोर, जे कधी बोलत नाही, ते ओरडलं, तिघांत! मग एकदम सगळा वर्ग ओरडायला लागला.

मला वाईट वाटलं. आजच्या जमान्यात कागद! नंतर जिन्यात तिला नम्रपणे म्हणालो, मॅडम, टेक्नॉलॉजीवर थोडा विश्वास ठेवा. ती म्हणाली, ठेवते हो, पण आधी तो पोरांवर ठेवूया. याचा अर्थ अजून लागलेला नाही. पण ठेवूया म्हणाली. आपण दोघांनी.

१९ सप्टेंबर, शनिवार

पहिला रिपोर्ट गेला. सगळी मुलं लाल. एक पिवळं.

दुपारी मामाचा फोन. आवाजात कारलं होतं. अरे, अध्यक्षांनी विचारलं, ह्या बाई शिकवतात काय? सगळी पोरं लाल कशी? मी म्हणालो, ॲपची चूक आहे. मामा म्हणाला, ॲप तू निवडलंयस. मी म्हणालो, ॲपची चूक नाहीये. मामा म्हणाला, मग बाईंची आहे. मी फोन ठेवला. एका वाक्यात मी तिला आगीतून फुफाट्यात टाकलं.

बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत. आईला सांगतात, त्याला विचार, ही पण नोकरी मध्येच सोडणार आहे का. मी आईला म्हणालो, त्यांना सांग, नाही. ते समोरच्याच खुर्चीत होते.

२२ सप्टेंबर

आज भांडण झालं. निश्चय क्रमांक एक मोडला, पण मोडायलाच हवा होता.

नेट गेलं होतं. ससा एक पाय वर करून थिजला. पोरं कंटाळून एकमेकांना टॅबलेटनं हाणायला लागली. ऑफिसात जाऊन क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, नेट सगळ्या शाळेचं आहे, तुझ्या सशाचं नाही. मी म्हणालो, तुमच्यासारख्या माणसांमुळे पिढ्या मागे राहतात. तो म्हणाला, आणि तू कॉलेजात मागे राहिलास तो कुणामुळे? मी टेबलावर हात आपटला. त्याचा चहा सांडला. पंखा लावून त्याची कागदपत्रं वाळवत बसावं लागलं. मलाच.

वर आलो तर वर्गात शांतता. मॅडमनं पुन्हा कागदाच्या पट्ट्या काढल्या होत्या. पोरं मान खाली घालून घड्या घालत होती. मला बघून एकानं विचारलं, दादा, नेट आलं का? आणि सगळे मिळून म्हणाले, नको!

मुलं आहेत. त्यांना आपलं भलं कळत नाही.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या दुसरा रिपोर्ट जाणार. डोकावून बघितलं. लालच.

दिवसभर तिच्याकडे बघत होतो. तिला काही माहीत नाही. फळ्यावर गोल काढून त्याचे तुकडे पाडत होती, पोरांना हसवत होती. आणि तिकडे उद्या अध्यक्षांच्या फोनवर तिची नोकरी लाल होऊन पडणार.

ठरवलं. काय ठरवलं ते लिहीत नाही. करून मग लिहितो.

दुपार, शाळा सुटल्यावर

केलं. 'चार्जिंगला लावतो' असं सांगून सगळे टॅबलेट खाली सामानाच्या खोलीत आणले. दाराला कडी. जुने बाक, मोडका पृथ्वीगोल, मी आणि ससे. एकेका पोराच्या नावानं आत गेलो आणि धडे सोडवायला बसलो.

इथे प्रामाणिकपणे नोंद करतो की पाचवीचे अपूर्णांक वाटतात तितके सोपे नाहीत. प्रश्न मुद्दाम फसवे आहेत. दोन पंचमांश अधिक एक पंचमांश याचं उत्तर मी तीन दशांश दिलं, तर ससा म्हणाला, छान प्रयत्न! त्याच्या आवाजात मला कुत्सितपणा वाटला. पण ॲपची खुबी लक्षात आली. धडा पुन्हा उघडला की तेच प्रश्न, त्याच क्रमानं. उत्तरं पाठ झालेली. दुसऱ्यांदा एकही चुकलो नाही. यालाच तर शिकणं म्हणतात. प्रॉडक्ट प्रभावी आहे याचा पुरावा मी स्वतः.

एवढे ससे एकाच वेळी नाचताना जगात कोणी पाहिले नसतील. डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुळीनं, थोडं प्रेमानं.

२६ सप्टेंबर, शनिवार

सगळी मुलं हिरवी!

मामाचा फोन. या वेळी मध. अध्यक्ष म्हणाले, कमाल आहे. मी म्हणालो, मॅडमची मेहनत. मामा म्हणाला, छे, ॲपची. मी पुन्हा म्हणालो, मॅडमची. मामा म्हणाला, अरे, गेल्या शनिवारी मॅडम होत्याच की, तेव्हा लाल होती. काहीतरी बोलायला हवं होतं. पण तो माझं कौतुक करत होता, आणि घरातला माणूस कौतुक करत असताना मध्ये बोलणं मला योग्य वाटलं नाही.

बाबा आईला म्हणाले, त्याला सांग, बरं चाललंय. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढचे धडेही सोडवत राहायचं. एकदा हिरवं केलं की हिरवं ठेवावं लागतं.

३ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा सगळं हिरवं. मी आता सहावीच्या धड्यांपर्यंत पोचलो आहे. म्हणजे मुलं.

मात्र एक अडचण. मॅडमनी व्हरांड्यात गाठलं. म्हणाली, वर्गात सगळ्यात पुढे कोण आहे, बघितलंत? मी म्हणालो, हुशार असेल कोणीतरी. ती म्हणाली, ज्याला कांजिण्या झाल्यात तो. ट्रायल सुरू झाली त्या दिवसापासून तो शाळेत आलेला नाही.

कांजिण्या! सगळ्या नावांतून मी याच नावावर जास्त मन लावून बसलो होतो. शेवटचा टॅबलेट होता, हात बसला होता.

मी म्हणालो, घरून करत असेल. ती म्हणाली, त्याचा टॅबलेट तर माझ्या कपाटात असतो, तुम्ही चार्जिंगला नेता तेवढाच काय तो बाहेर. आणि माझ्याकडे बघत राहिली. असं कुणी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. मी म्हणालो, क्लाउडमध्ये काहीतरी असेल. ती म्हणाली, असेल.

सुटलो. विषय क्लाउडवर गेला की लोक गप्प बसतात.

७ ऑक्टोबर

मॅडमनी वर्गाची कागदावर परीक्षा घेतली. स्वतः प्रश्न काढले, स्वतः तपासले. निम्म्या पोरांना बऱ्यापैकी यायला लागलंय, निम्म्यांना अजून नाही. कुणाला काय येत नाही ते तिला तोंडपाठ. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये समितीला दाखवणार म्हणे.

मी तिला समजावलं. म्हणालो, स्क्रीनवर सगळं हिरवं असताना कशाला आपल्याच पायावर कुऱ्हाड मारता? ती म्हणाली, कारण ते खरं नाही. इतकी विनयशील व्यक्ती मी पाहिली नाही. स्वतःचं यशसुद्धा मान्य करायला तयार नाही!

निश्चय: मीटिंगमध्ये तिची नोकरी पक्की झाली की त्याच दिवशी मन मोकळं करायचं. निळा शर्ट. 'दादा' हा विषय हसत हसत काढायचा आणि कायमचा मिटवायचा.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

नीट लिहितो.

मीटिंग लायब्ररीत. अध्यक्ष, मामा, आणखी दोघे मेंबर, मोठ्या बाई, मॅडम, टायवाला, मी. टायवाल्यानं पडद्यावर वर्ग दाखवला. हिरवागार. शेत वाटावं असा. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, यातला पहिला आलेला मुलगा महिनाभर आजारी आहे, त्यानं टॅबलेटला हातही लावलेला नाही. मग हा रिपोर्ट कशाचा? मी टायवाल्याच्या बुटांकडे बघत राहिलो. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, थांबा थांबा. म्हणजे मुलगा शाळेत न येता पहिला आला?

मॅडम म्हणाल्या, हो, तेच तर.

अध्यक्ष टेबलावर थाप मारून म्हणाले, वा! यालाच डिजिटल म्हणतात. टायवाला क्षणभर गांगरला, मग म्हणाला, आमच्या पुढच्या माहितीपत्रकात हे उदाहरण घातलं तर चालेल ना?

मॅडमनी परीक्षेचे कागद पुढे सरकवले. म्हणाल्या, हे बघा, इथे कोण कुठे अडलंय ते दिसतं. एका मेंबरनं वरचा कागद उचलला, नाक मुरडलं, म्हणाला, यात तर चुका आहेत. तिकडे एकही नाही. कागद परत. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मग अध्यक्ष म्हणाले, निकाल डोळ्यांसमोर आहे, जादा वर्गाचं भविष्य उज्ज्वल आहे. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी मी. बाकीच्यांनी माझ्या मागून. त्या टाळ्यांतच त्यांनी वाक्य पूर्ण केलं, तेव्हा दुसऱ्या सत्रापासून ॲप कायम, आणि मॅडमचे आभार.

माझे हात वाजतच होते. थांबवायला वेळ लागला.

१० ऑक्टोबर

रात्रभर जळत होतो. सकाळी आंघोळ न करता तडक मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये. म्हणालो, ती उत्तरं माझी आहेत! सगळी! मीच बसून दिली!

वाटलं, त्या उठून उभ्या राहतील. त्या चहा ढवळत राहिल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं शाळेत घालवली, गैरहजर पोरगं पहिलं येतं तेव्हा मला काय वाटलं असेल? मी म्हणालो, मग काल का बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, अरे, पोरं लाल राहिली असती तर मी म्हटलं असतं, मशीननं जमत नाही, बाई हवी. तेवढ्यासाठीच तर ट्रायल मागून घेतली होती. तू सगळं हिरवं करून ठेवलंस. हिरव्यापुढे मी काय बोलू?

मी म्हणालो, मी समितीला सांगतो. त्या म्हणाल्या, सांग. सही झाली आहे, फोटो निघालाय, फोटोत मधोमध तू आहेस. आणि एक, तुझी नेमणूक कायम केली आहे. जादा वर्गात मुलांजवळ आता तूच बसायचं. जा, आईला सांग.

निश्चय: राजीनामा. पण लगेच नको. हंगामी माणसाचा राजीनामा कोण मनावर घेतो? आधी कायमचं पत्र हातात येऊ द्यावं. कायम माणूस सोडून गेला की बोचतं.

आईला सांगितलं. आईनं शेजारणीला सांगितलं. बाबांनी प्रथमच थेट मला विचारलं, पगार हातात कधी?

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

तिचा शेवटचा दिवस. निळा शर्ट घातला. घालायला नको होता, पण ठरलेलं होतं.

ती खोलीत एकटीच होती. कपाट आवरत होती. मी सगळं सांगून टाकलं. सामानाची खोली, ससे, कांजिण्या. आणि हे सगळं का केलं तेही सांगितलं. निदान त्या दिशेनं बोलत गेलो. म्हणालो, तुमच्यासाठी केलं. वर्ग चमकावा, तुम्ही राहावं म्हणून.

तिनं हातातला खडूचा डबा खाली ठेवला. म्हणाली, अरे वेड्या, त्यांना नापास होऊ दिलं असतंस तर मी राहिले असते.

बस्स. ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ओरडणाऱ्यांशी माझं नेहमी जमतं.

मग म्हणाली, माझं सोड, मला कुठेतरी दुसरी शाळा मिळेल. निम्म्यांना आता कुठे यायला लागलं होतं रे. उरलेल्या निम्म्यांचं काय? तुला येतात का अपूर्णांक? मी म्हणालो, येतात. तिनं खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाली, मग दोन पंचमांश अधिक एक पंचमांश. मी चटकन म्हणालो, तीन पंचमांश! ती म्हणाली, का?

का, हे सशानं सांगितलं नव्हतं.

ती पिशवी घेऊन गेली. एक मात्र नोंदवून ठेवतो. ती मला 'तू' म्हणाली. इतके दिवस 'तुम्ही' होतो. जवळीक वाढली आहे. वेळ चुकली, एवढंच.

९ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी संपली. दुसरं सत्र. जादा वर्ग. आता वर्गातच बसून लिहितो आहे, कारण दुसरं काही काम नाही. कायम झालो आहे. राजीनाम्याचं या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात बघू.

कांजिण्यावाला आज पहिल्यांदा आला. तोंडावर डाग आहेत. सगळ्यांनी टॅबलेट उघडले. ससा आला, नाचला, म्हणाला, अभिनंदन, तुम्ही पाचवी आणि सहावी पूर्ण केली आहे! आणि सातवीचं काहीतरी निघालं. क्ष आहे, य आहे, कंस आहेत. पोरं माझ्याकडे बघायला लागली.

साडेदहा

टायवाल्याला फोन केला. म्हणालो, मुलांना मागे न्या, पाचवीच्या पहिल्या धड्यावर. तो म्हणाला, सर, मागे नेण्याची सोय ठेवलेलीच नाही. शिकलेलं कोणी विसरतं का? मी म्हणालो, ती शिकलेलीच नाहीत. तो म्हणाला, सर, आमच्याकडे तर हिरवी दिसतायत. मी आवाज चढवला. तो म्हणाला, छान प्रश्न आहे, वर कळवतो. फोन कट.

पावणेअकरा

मागच्या बाकावरच्यानं तीन बटणं दाबली. ससा म्हणाला, क्ष बरोबर सात. पोरगा नाचला. बाकीची नाचली नाहीत. दोन वेण्यांची विचारते, दादा, क्ष म्हणजे काय? मी म्हणालो, पुढे कळेल. ती म्हणाली, मॅडम कधी येणार? मी म्हणालो, टॅबलेटकडे बघ.

ते रडकं पोर रडत नाहीये. त्यानं टॅबलेट उलटा ठेवलाय, वहीचं पान फाडलंय आणि त्याच्या घड्या घालतंय. घडी घातली, उघडली, मोजली. एकदा अडलं. आता कागद घेऊन माझ्याकडे येतंय. तिसऱ्या घडीनंतर सहा तुकडे का येत नाहीत, आठ का येतात, असं विचारतंय. मलाही मोजावे लागले. आठच आहेत.

त्याच्या मागे कांजिण्यावाला उभा. त्याच्या मागे दोन वेण्यांची. रांग लागते आहे. सगळ्यांच्या हातात कागद.

त्यांना म्हणालो, चार्जर आणायचा आहे, आलोच. टॅबलेट भरलेले आहेत, हे एकानं दाखवलं. म्हणालो, तरी.

उठलो. बाहेर आलो. शेजारच्या वर्गाला गोंगाटाचा त्रास नको म्हणून दार लावून घेतलं.